टोप्या विणून द्यायच्यात? मग आधी डोकी मोजा

दरवर्षी नोव्हेंबरमध्ये जरा गारवा पडला की आमच्या भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, यंदा गरीब मुलांसाठी स्वेटर विणूया का, आणि खाली पंधरा जणींचे नमस्काराचे हात. मी दरवर्षी तेच सांगते, की बायांनो नोव्हेंबरात टाके घातले तर संक्रांतीला बाह्या होतील आणि होळीला वाटायला जाऊ, तेव्हा नाशिकला पंखा लागलेला असतो. थंडीसाठी विणायचं तर आषाढात बसायचं. बाहेर पाऊस, दुपारी लाईट गेलेली, टीव्ही बंद, हात आपोआप चालतात. दिवाळीच्या आधी पिशवी भरून तयार पाहिजे, कारण दिवाळीची सुट्टी संपवून मुलं आश्रमशाळेत परत येतात तीच खरी थंडीची सुरुवात.

हे शहाणपण मला आधीपासून नव्हतं. पहिल्या वर्षी मी एकटीने चाळीस टोप्या केल्या, पांढऱ्याशुभ्र, जाळीची नक्षी, वर गोंडा, सासूबाईंनी शिकवलेली सगळी कला त्यात ओतली, आणि पेठ तालुक्याच्या बाजूला एका आश्रमशाळेत घेऊन गेले. तिथली पोरं सहा ते चौदा वर्षांची. माझ्या टोप्या सगळ्या तान्ह्या बाळाच्या मापाच्या, कारण मला तेवढंच माप पाठ होतं! एका मुलीने ती मुठीवर चढवली आणि बाहुली करून मैत्रिणीशी बोलायला लागली. अधीक्षिकाबाई भल्या, म्हणाल्या राहू द्या ताई, गावात कुणाला बाळ झालं की देऊ. परत येताना पेठ रोडच्या त्या वळणांवर मला जेवढं मळमळलं ते सगळंच काही गाडीमुळे नव्हतं.

तर पहिलं काम सुया घेणं नाही, फोन करणं. कुणाला द्यायचंय ते ठरवा आणि त्यांना विचारा की काय पाहिजे, किती पाहिजे, कोणत्या वयाचं पाहिजे. आपल्याकडे गरज शोधायला लांब जावं लागत नाही. निफाडला पारा कधी कधी चार-पाच अंशांवर उतरतो, द्राक्षं वाचवायला शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात, आणि त्याच बागांमध्ये पेठ-सुरगाण्याहून कामाला आलेली कुटुंबं ताडपत्रीच्या झोपडीत पोरांना घेऊन झोपलेली असतात. वीटभट्ट्या आहेत, ऊसतोडीचे तळ आहेत, गोदाघाटावर उघड्यावर झोपणारी म्हातारी माणसं आहेत. सरकारी दवाखान्यात कमी वजनाची बाळं असतात. कॅन्सरचे पेशंट असतात, त्यांना तर एप्रिलमध्येही टोपी लागते, त्याबद्दल पुढे सांगते. यातल्या प्रत्येकाला वेगळी वस्तू लागते आणि वेगळी लोकर लागते, सरसकट ‘गरिबांसाठी’ असं काही विणता येत नाही.

आता कडू वाटेल पण स्वेटर विणू नका. म्हणजे घरच्या नातवंडाला जरूर विणा. पण वाटायला म्हणून एक स्वेटर करायला महिना जातो, मुलाला एक-दोन वर्षांत होत नाही, आणि शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटला किंवा मेनरोडला तयार स्वेटर लोकरीच्या किमतीच्या आसपास मिळून जातो. एकाला पूर्ण बाह्यांचा, बाकीच्या एकोणतीस जणांना काही नाही, असं होतं. तेवढ्याच वेळात आठ-दहा कानटोप्या होतात. मोजे पण मी सोडलेत, अनवाणी पळणाऱ्या पोरांच्या पायात हाताने विणलेला मोजा आठवडाभर टिकत नाही. तान्ह्या बाळाचे मोजे मात्र चालतात, ते कुठे चालतंय! टोपी, मफलर, बिनबाह्यांची बंडी, बाळाचं दुपटं आणि चौकोन जोडून केलेलं पांघरूण, एवढ्यावर आमचा ग्रुप आता आलाय.

लोकर. आपण जिला लोकर म्हणतो ती दुकानात बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असते, मेंढीचा तिच्याशी काही संबंध नाही. वर्धमान, ओसवाल, गंगा, कोणतीही घ्या, लेबल वाचून घ्या. अ‍ॅक्रिलिक स्वस्त, मऊ, टोचत नाही, बादलीत धुता येतं, आटत नाही, म्हणून वाटपाच्या टोप्यांना तेच बरं. पण एक गोष्ट आहे जी मला वीटभट्टीवरच्या एका बाईंनी दाखवली, तिच्या ओढणीला ठिणगी लागून भोक पडलं होतं आणि कडा प्लास्टिकसारख्या कडक झाल्या होत्या. अ‍ॅक्रिलिकचंही तसंच, ते पेटलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही, पेटली तरी विस्तवापासून लांब केली की विझते. त्यामुळे जिथे पोरं शेकोटीला खेटून बसतात तिथे मफलर देणार असाल तर लोकरीचं मिश्रण असलेला धागा घ्या, महाग पडेल, मग कमी करा, आणि टोकाला झिरमिळ्या अजिबात लावू नका. शुद्ध लोकरीचा त्रास असा की गरम पाण्यात कुणी भिजवली की आटून बाहुलीच्या मापाची होते, आणि ज्या घरात एकच बादली आहे तिथे आपण कोमट पाणी, सौम्य साबण असल्या सूचना देत बसायचं नाही. घोंगडीची लोकर कुणी देऊ केली तर नम्रपणे नको म्हणा, पाठीवर घ्यायला ती उत्तम पण बाळाच्या कपाळाला टोचते.

रंगाबद्दल एवढंच, की फिकट गुलाबी आणि पांढरा हे आपल्या डोळ्यांचे लाड आहेत. लाल मातीत खेळणाऱ्या मुलाला मरून, गडद निळा, बाटली हिरवा, मोरपंखी द्या. एकाच कामाची लोकर एकदमच घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर जुळतोय ना बघा, नाहीतर अर्ध्या टोपीत रंग बदलतो आणि पुन्हा मेनरोडला जाऊन तोच लॉट मिळेल ही आशा सोडा.

आता विणायला बसू. फोर प्लाय लोकर आणि १० नंबरच्या सुया, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या. आधी नमुना विणा, हे सगळे सांगतात आणि कुणी करत नाही, मीही करत नव्हते. ३२ टाके घाला, एक ओळ सुलट एक ओळ उलट असं चार बोटं विणा, आणि मधल्या टाक्यांवर पट्टी ठेवून १० सेंटिमीटरमध्ये किती बसतात मोजा. २६ आले तर उत्तम. ३० आले तर तुमचा हात घट्ट आहे, ९ नंबर सुई घ्या. २३ आले तर सैल, ११ नंबर घ्या. आमच्या ग्रुपमध्ये एकीचा हात एवढा घट्ट की टाक्यातून सुई काढायला नवरा लागतो, तिने आणि मी एकाच मापाची टोपी विणली तर तिची आजारी बाळाला आणि माझी तिच्या नवऱ्याला.

साधी टोपी, नऊ महिन्यांनी पूर्ण दिवसांवर जन्मलेल्या बाळाची. ८० टाके घाला, सैलसर, घट्ट घातले तर बाळाच्या कपाळावर वळ उठतो. पहिली ओळ २ सुलट २ उलट, शेवटपर्यंत. सगळ्या ओळी अशाच, २ सुलट २ उलट, कारण ८० ला ४ ने भाग जातो, दरवेळी सुरुवात सुलटनेच होते, डोक्याला ताप नाही. साधारण ४ सेंटिमीटर बॉर्डर झाली की मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट. सुरुवातीपासून मोजून १० सेंटिमीटर झालं की टाके कमी करायचे. सुलट ओळीला ८ सुलट, मग दोनाचा एक, म्हणजे दोन टाके एकत्र विणून एक करायचा, असं ओळभर, म्हणजे ७२ उरतील. पुढची ओळ नुसती उलट. मग ७ सुलट, दोनाचा एक, ६४ उरतील. उलट ओळ. मग ६ सुलट आणि दोनाचा एक, असं दर सुलट ओळीला एकेक कमी करत या, शेवटी १ सुलट, दोनाचा एक झालं की १६ उरतात, एक उलट ओळ घ्या, आणि त्यापुढे पूर्ण ओळ दोनाचा एक, ८ टाके. लोकर दोन वीत ठेवून कापा, मोठ्या नेढ्याच्या सुईत ओवून त्या आठही टाक्यांतून काढा, ओढून घट्ट करा, त्याच लोकरीने बाजूची शिवण घाला. झाली टोपी. सवयीच्या हाताला एक दुपार आणि थोडी संध्याकाळ, लोकर साधारण २० ते २५ ग्रॅम.

आणि आता माझी खरी युक्ती. माप बदलायला नवीन कृती शोधायची गरज नाही, टाके आठाच्या पाढ्यात घ्या, बस. टाक्यांना ८ ने भागा, त्यातून २ वजा करा, तो आकडा म्हणजे पहिल्या कमी करायच्या ओळीतले सुलट टाके. ८० ला आठने भागून १०, वजा २ म्हणजे ८, वर तेच केलं ना? कमी दिवसांच्या बाळाला ६४ टाके, मग पहिल्यांदा ६ सुलट, आणि टाके कमी करायच्या आधीचा सरळ भाग बॉर्डर धरून ८ सेंटिमीटरच. दीड-दोन वर्षांच्या मुलाला ११२ टाके, १२ सुलट, सरळ भाग १२. सहा ते दहा वर्षांच्या शाळेतल्या पोरांना १२० टाके, १३ सुलट, सरळ भाग १३, बॉर्डर इथे ६ सेंटिमीटर घ्या म्हणजे कानावर नीट बसते. टोपी डोक्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर लहानच असायला हवी, लोकर ताणते, डोक्याएवढी विणली तर डोळ्यावर येते. मोठ्या मुलांच्या टोपीला लोकर पन्नास ग्रॅमच्या आसपास धरा.

शिवण चपटी घाला, काठाला काठ लावून. वळकटीसारखी जाड शिवण कमी वजनाच्या बाळाच्या नाजूक कातडीला रुतते, त्याच्या टोपीची शिवण बाहेरच्या बाजूला आली तरी हरकत नाही. लोकरीची टोकं गाठ मारून कापायची नाहीत. सुईने पाच-सहा सेंटिमीटर आत ओवायची, मग उलट दिशेने परत थोडी, तेव्हा कापायची, नाहीतर तिसऱ्या धुण्याला टोपी उसवायला लागते आणि तेव्हा आपण तिथे नसतो.

बाळांच्या वस्तूंचे नियम मी फारच कडक पाळते. गोंडा नाही, बटण नाही, मणी नाही, मोती नाही, गळ्याखाली बांधायची नाडी तर नाहीच नाही. तान्हं मूल सगळं तोंडात घालतं आणि नाडी गळ्याभोवती फिरते. जाळीची नक्षी नाही, बोटं अडकतात. आपल्या लहानपणी कुंचीला बंद असायचे आणि आपण जगलो हे मला माहीत आहे, तरी नाही. आणखी एक, लोकरीला पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून आपण डांबराच्या गोळ्या टाकतो ना, बाळाच्या कपड्यांत त्या टाकू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, त्यांना त्या गोळ्यांतल्या नॅप्थलीनमुळे रक्तातल्या लाल पेशी फुटून कावीळ होऊ शकते, आणि कोणत्या बाळाला ते कमी आहे ते बाळाकडे बघून कळत नाही. मी वाळवलेला कडुलिंब पातळ फडक्यात बांधून ठेवते, डबा घट्ट बंद.

बाळाच्या टोपीला एवढं महत्त्व का, तर अंगाच्या मानाने बाळाचं डोकं मोठं असतं आणि तिथून अंगातली ऊब भराभर जाते. कांगारू केअर ऐकलं असेल, आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरून ठेवायचं, १९७८ साली कोलंबियाच्या बोगोटा शहरात डॉक्टर एडगार रे यांनी इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून सुरू केलं आणि आता जगभर करतात. त्यात बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपी एवढंच असतं. पण दवाखान्यात पिशवी घेऊन थेट जाऊ नका, आधी वॉर्डच्या सिस्टरना भेटा. जंतुसंसर्गाच्या भीतीने काही ठिकाणी बाहेरचं काहीच घेत नाहीत, काही ठिकाणी फक्त सुती घेतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. तेच त्या क्रोशाच्या ऑक्टोपसचं, २०१३ मध्ये डेन्मार्कमधून निघालेली ती टूम आहे, बाळ नळ्या ओढण्याऐवजी त्याचे पाय धरतं म्हणतात. दिसतो गोड, पण दवाखान्याने मागितला नसेल तर करू नका.

क्रोशावाल्यांनी पांघरूण घ्यावं, आणि ते एकटीने नाही तर घोळक्याने. १५ सेंटिमीटरचे चौकोन, सहा आडवे सहा उभे, ३६ चौकोनांचं ९० सेंटिमीटरचं बाळाचं पांघरूण होतं. सहा बायका असाल तर प्रत्येकीला सहाच चौकोन, एका आठवड्यात जमतं. साधा ग्रॅनी स्क्वेअर म्हणजे ४ साखळ्यांचं कडं, त्यात ३ खांब २ साखळ्या असं चार वेळा, चार कोपरे झाले. पुढच्या फेरीला प्रत्येक कोपऱ्यात ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब, आणि तिसऱ्या फेरीपासून दोन कोपऱ्यांच्या मधल्या जागेत ३ खांबांचा झुबका, फेरी वाढेल तसे झुबके वाढतात. हा मोठ्यांच्या पांघरुणाला. बाळाला याची भोकं नकोत, तिथे अर्ध्या खांबांचा सपाट चौकोन विणा, दिसायला कंटाळवाणा, पण बोट अडकत नाही. आमच्या पहिल्या पांघरुणात एकीचे चौकोन १३ चे, एकीचे १७ चे, जोडायला घेतलं तर समोसा झाला. तेव्हापासून पुठ्ठ्याचा १५ बाय १५ चा तुकडा कापून प्रत्येकीला देतो, त्यावर ठेवून बरोबर बसला तरच चौकोन पास. परीक्षक मीच असल्यामुळे माझ्याशी दोघी बोलत नव्हत्या महिनाभर. जोडायला एकच गडद रंग घ्या, मुक्या खांबाने जोडा, मग उरलेल्या लोकरींचे सतरा रंग असले तरी पांघरूण एका घरचं वाटतं.

केमोच्या पेशंटच्या टोपीला लोकर नाही, मऊ सुती धागा. केस गेल्यावर डोक्याची कातडी हुळहुळी होते, उन्हाळ्यात घाम येतो, रात्री मात्र गार लागतं. शिवण नको म्हणून क्रोशाने माथ्यापासून गोल विणायची. साडेतीनची सुई, कड्यात ८ अर्धे खांब, पुढच्या फेरीत प्रत्येकात दोन म्हणजे १६, मग २४, मग ३२, दर फेरीला आठच वाढवायचे. कडेला झालर पडायला लागली तर वाढ जास्त होतेय, वाटीसारखं वळलं तर कमी. ताटली १७ सेंटिमीटर रुंद झाली की वाढवणं बंद, आता न वाढवता फेऱ्या घाला, माथ्याच्या मध्यापासून काठापर्यंत २० सेंटिमीटर भरलं की थांबा. रंग त्यांना निवडू द्या. मी एका काकूंना शोभेल म्हणून बदामी केली होती, त्यांनी विचारलं, राणी कलरमध्ये नाही का?

द्यायच्या आधी सगळं धुवायचं. आपल्या घरात फोडणी असते, मांजर असतं, डोक्याला लावलेलं तेल असतं, हे सगळं लोकर पिऊन बसलेली असते. साधी पावडर, वासाचं कंडिशनर नको, सावलीत टॉवेलवर पसरून वाळवा, दोरीवर टांगलं की लोंबतं. इस्त्री अजिबात नाही. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरली की त्याचा जीवच जातो, लुळं आणि चकचकीत पडतं, परत उठत नाही. मग मापाप्रमाणे वेगळ्या पिशव्या, प्रत्येकीवर मोठ्या मराठी अक्षरात वय लिहा, म्हणजे वाटणाऱ्याला प्रत्येक टोपी डोक्यावर घालून बघावी लागत नाही.

मोजून न्या. शाळेत ११२ मुलं असतील आणि तुमच्या ७० टोप्या झाल्या असतील तर ७० नेऊ नका. एकतर थांबून पूर्ण करा, नाहीतर मुख्याध्यापकांना विचारून फक्त पहिली ते चौथीला द्या, म्हणजे ज्यांना मिळालं नाही त्यांना कारण तरी कळतं. दहा-बारा जास्तीच्या असू द्या, मधल्या काळात नवीन पोरं आलेली असतात. आणि फोटोसाठी मुलांना टोप्या घालून उन्हात रांगेत उभं करणं, मागे आपल्या मंडळाचा बॅनर, हे प्लीज नको. फोटो हवाच तर टोप्यांचा घ्या, घरी, सतरंजीवर मांडून. आमच्या ग्रुपमध्ये यावरून वाद झालाच, एकीचं म्हणणं की फोटो टाकला की लोक लोकर देतात, तेही खरंय. आता आम्ही टोप्यांच्या ढिगाचा टाकतो आणि लोकर येतेय.

गेल्या खेपेला सगळं वाटून झालं, चहा आला, आणि चहा घेऊन आलेल्या स्वयंपाकाच्या मावशी दारातच उभ्या राहिल्या. भाकऱ्यांसाठी पहाटे चारला चुलीपुढे बसतात त्या, डोक्याला नुसता पदर. काही बोलल्या नाहीत, फक्त रिकाम्या पिशवीकडे बघितलं. यंदा मी त्यांचं आधीच विणून ठेवलंय, मोठ्यांचं माप १३६ टाके, १५ सुलट दोनाचा एक, सरळ भाग १४ सेंटिमीटर. चुलीपुढे बसायचंय म्हणून लोकरीचं मिश्रण घेतलं. दोन मावशी, एक शिपाईदादा, रात्रीचा वॉचमन, एक जास्तीची, अशा पाच.